रविवारचा फॉल्ट

टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं लाइनमन म्हणून काढलेल्या माणसाच्या घरातच लाइन तुटावी, तीही दर रविवारी आणि ठरल्या वेळी, यासारखी नामुष्की नाही. हॅलोकाकांच्या घरी गेले पाच महिने हेच चाललं होतं, आणि त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

हॅलोकाका हे नाव खात्यातल्या सोबत्यांनी दिलेलं. खांबावर चढून तार जोडली की कमरेचा टेस्टिंगचा फोन लावून ते असा काही "हॅलो" ठोकत, की पलीकडच्या माणसाला फोनची गरजच पडू नये. खरं नाव आता पेन्शनच्या कागदांपुरतं उरलं होतं. माणूस किडकिडीत, पण चिकाटी अशी की फॉल्ट हाती लागल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही. एका वादळानंतर अख्खं शहर मुकं झालं होतं, तेव्हा आपण तीन दिवसांत अर्ध्या शहराला बोलतं केलं, असं ते अजून सांगत. त्यावर काकू न चुकता विचारत, "आणि उरलेलं अर्धं?"

दोन वर्षांपूर्वी, निवृत्तीनंतर, डॉक्टरांनी व्यायामाचा लकडा लावला, आणि दूरदेशी राहणाऱ्या एकुलत्या एका लेकीने घरबसल्या चालवायच्या सायकलीचं सगळं सामान धाडून दिलं. मागच्या खोलीत कपाट आणि खिडकी यांच्या मधल्या जागेत, लोखंडी स्टँडवर सायकल बसली. चाक जागच्या जागी फिरायचं. समोर टेबलावर लॅपटॉप, त्याच्या पडद्यावर रस्ता, झाडं, डोंगर आणि निळा सदरा घातलेला एक चित्रातला सायकलवाला. इथे काकांनी पायडल मारलं की तिथे तो पुढे सरकायचा, चढ आला की चाक आपोआप जड व्हायचं. त्याच वेळी लेक तिकडे स्वतःच्या खोलीत तशाच सायकलीवर बसलेली असायची, आणि पिवळ्या सदऱ्यातली तिची बाहुली निळ्या सदऱ्याच्या शेजारून चालायची. कानात बिनतारी इअरफोन. इकडे संध्याकाळचे सहा, तिकडे सकाळ. दर रविवारी बापलेक तास-सव्वा तास अशी जोडीने सायकल चालवत आणि गप्पा मारत.

सुरुवातीला काकांना हा सगळा पोरखेळ वाटला होता. "जागचा हललो नाही आणि म्हणे डोंगर चढलो!" पण पहिल्याच रविवारी कानात लेकीचा आवाज आला, "बाबा, डावीकडे बघा, मी आलेय." काकांनी खरोखर मान डावीकडे वळवली. तिथे कपाट होतं. तरी त्यांना फार बरं वाटलं, आणि त्या दिवसापासून त्यांनी एक रविवार चुकवला नाही.

याला कारण होतं, आणि ते काकांनी कुणाला सांगितलेलं नव्हतं. लेक आठ वर्षांची असताना सायकल शिकली, तेव्हा काका कामावर होते. वादळाचेच दिवस होते ते. काका शाळेमागच्या रस्त्यावर खांबाच्या टोकाला पट्ट्याने बांधलेले, आणि खालून एक मोठी सायकल हेलकावे खात आली. तिच्यावर आपली पोरगी! मागे कुणी धरलेलं नाही. हाक मारावी तर ती वर बघेल आणि पडेल. म्हणून काकांनी, ज्यांचा हॅलो गल्लीभर ऐकू जायचा त्या माणसाने, तोंड घट्ट मिटून घेतलं. ती खांबाखालून निघून गेली. कोपऱ्यावर वळली. तिला कधी कळलंच नाही की बाप वरून बघत होता. पुढे ती शिकायला गेली, मग नोकरीला, मग दुसऱ्या देशात, आणि काकांना नेहमी वाटत राहिलं की आपण तिला खांबावरून नुसतं जाताना पाहिलं, बरोबर कधी चाललोच नाही.

म्हणूनच त्या लांब घाटाचं त्यांनी एवढं मनावर घेतलं होतं. लॅपटॉपमधल्या त्या दुनियेत एक घाट होता, चौदा किलोमीटरचा, सलग चढायचा. मध्ये पाच मिनिटांहून जास्त वेळ थांबलात किंवा गायब झालात की पुन्हा पायथ्यापासून सुरुवात. दोघांनी जोडीने माथा गाठायचा, असं लेकीने वर्षाच्या सुरुवातीला ठरवलं. आणि आता तिला नवी नोकरी लागली होती, कुठल्याशा डोंगरात धरणाच्या कामावर. रविवारची सुट्टी नाही, इंटरनेट नावाला, राहायला एक खोली. सायकल ती मैत्रिणीला देऊन जाणार होती. फोन लागला तर लागला. हातात फक्त तीन रविवार उरले होते.

आणि दर रविवारी, सात-आठ किलोमीटर चढून झाले, अंगात जरा रग आली, की साडेसहाच्या सुमाराला लाइन जायची. कानातला आवाज खरखरायचा, "बाबा, तुम्ही अडख—" आणि बंद. चाक एकदम हलकं व्हायचं. पडद्यावरचा निळा सदरा रस्त्याच्या कडेला पुतळ्यासारखा उभा, आणि पिवळा सदरा पुढच्या वळणावर दिसेनासा.

मग काका उतरत आणि खात्याने शिकवलेली रीत सुरू होई. आधी सगळं बंद करायचं. प्रत्येक जोड हाताने तपासायचा. मग एकेक करून, ठरलेल्या क्रमाने सुरू करायचं, प्रत्येकानंतर थांबायचं. टेबलाखाली पालथे पडून, दातांत छोटी बॅटरी धरून ते हे सगळं करत. याला अकरा मिनिटं लागत, आणि अकरा मिनिटांनी सगळं सुरू झालं की घाट पुन्हा पायथ्यापासून. तिकडे लेक बिचारी सीटवर बसून वाट बघायची. पहिल्या वेळी तिने काकांना एक-दोनदा फोन लावून पाहिला, पण टेबलाखालच्या माणसाला कुठला फोन ऐकू येतोय! तेव्हापासून ती काकूंच्या फोनवर करायची.

फॉल्टची नोंद करायची सवय जुनीच. काकांनी एक वही घातली: तारीख, वेळ, काय बंद पडलं, काय केलं. लेक म्हणाली, "बाबा, वायफाय सोडा, सरळ केबल ओढा." हे ऐकून काकांना आनंदच झाला. तारेवर त्यांचा विश्वास, हवेवर नव्हता. पुढच्या खोलीपासून मागच्या खोलीपर्यंत भिंतीच्या कडेने त्यांनी अशी केबल मारली, की बघणाऱ्याने टोपी काढावी. रविवारी साडेसहाला लाइन गेली. मात्र या वेळी केबलचा दिवा जळत होता. तारेत खोट नव्हती. सायकलीकडून लॅपटॉपकडे आणि लॅपटॉपकडून कानाकडे जे काही हवेतून जात होतं, ते तुटत होतं.

काकांनी मग वही पहिल्या पानापासून वाचली. बुधवारी ते एकटे सराव करत, तेव्हा एकदाही लाइन गेलेली नव्हती. बुधवारी घरात काय नसतं? काकू नसतात. काकू शहरातल्या मोठ्या इस्पितळात शिवणखात्यात होत्या, फाटलेल्या चादरी आणि ऑपरेशनचे गाऊन दुरुस्त करायला, आणि बुधवारी घरी यायला त्यांना सात वाजत. काकांनी वही मिटली, डोकं खाजवलं आणि शनिवारी काकू कामावर गेल्यावर घरातलं एकेक यंत्र लावून पाहिलं. पंखा लावला, सायकलवर बसले, काही नाही. इस्त्री, काही नाही. मिक्सर, नुसता कानाला त्रास. मग स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह ओव्हन लावून धावत येऊन सायकलवर बसले, आणि दहा पायडलांत निळा सदरा पुतळा झाला. स्वयंपाकघर भिंतीपलीकडेच होतं.

"सापडला लेकाचा!" काका रिकाम्या घरात ओरडले.

आता हे काकूंना सांगून टाकावं की नाही? कुणीही सांगितलं असतं. पण खात्याचा दंडक होता, फॉल्ट चालू स्थितीत डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही करायची नाही. काकू काकांच्या गुडघ्यासाठी रविवारी शेकायची पिशवी तयार ठेवत. तिचं पाणी तापवत असतील, असा त्यांचा कयास. रविवारी साडेसहाला आवाज खरखरला. काका या वेळी टेबलाखाली गेले नाहीत. सायकलवरून उतरले आणि दबक्या पावलांनी स्वयंपाकघराच्या दाराशी आले.

ओव्हन घुमत होता. आत दिव्याच्या उजेडात पाण्याचा एक कप गोल फिरत होता. शेकायची पिशवी केव्हाच भरून खुंटीला लटकत होती. आणि काकू दाराकडे पाठ करून स्टुलावर बसल्या होत्या, फोन स्पीकरवर, पाय शेजारच्या डब्यावर ताणलेले, आणि हसत होत्या. काकू असं हसतात हे काका विसरून गेले होते.

"मग त्या साहेबाला काय सांगितलंस?" काकू म्हणाल्या.

"सांगणार काय? रडले बाथरूममध्ये जाऊन," लेकीचा आवाज आला. ती हसत होती खरी, पण पुढचं वाक्य हसण्यातलं नव्हतं. "आई, मला त्या नव्या जागेची भीती वाटतेय गं. बाबांना नको सांगूस."

बाबांना तिने सांगितलं होतं, "झकास नोकरी आहे, बाबा." आणि बाबांनी ते चौघांना अभिमानाने सांगितलं होतं.

खांबावर तार तपासताना कधीकधी चालू लाइन लागायची. कुणी भांडत असे, कुणी कुणाची समजूत घालत असे. खात्यात पहिल्याच दिवशी शिकवत: ऐकू आलं की टेस्टिंगच्या फोनचा चिमटा तारेवरून काढायचा. चौतीस वर्षांत काकांनी तो काढला नाही असं एकदाही झालं नव्हतं. ते मागे सरले, खोलीत येऊन सायकलच्या सीटवर बसले. ओव्हन तीन मिनिटांनी थांबला. पायडल जरा दाबून पाहिलं, तर चाक पुन्हा जड झालेलं, निळा सदराही हलला, सगळं आपोआप जागेवर आलं. पाच मिनिटं अजून झालेली नव्हती. काका मात्र पायडलवर पाय ठेवून बसून राहिले, पलीकडचं बोलणं संपेपर्यंत. त्यातच पाचाची दहा झाली आणि घाट गेला.

पण माणूस चिडकाच. आठवडाभर त्यांनी मूग गिळले, आणि शनिवारी संध्याकाळी राग बाहेर पडला. काकू शिलाई मशीनशी बसल्या होत्या.

"रविवारी ओव्हनमध्ये काय होतं?"

"पाणी."

"कशाला? पिशवी तर खुंटीला होती. भरलेली."

काकूंनी दोरा दातांनी तोडला. "कळलं तर एकदाचं," त्या म्हणाल्या. "पाच महिने लागले. तरी खात्याने पेन्शन दिली म्हणायची."

"म्हणजे तुला माहीत होतं? मी तिथे टेबलाखाली लोळतोय आणि तू—"

"लोळा असं मी सांगितलं होतं? तीन मिनिटांचं पाणी असतं ते. गप्प बसला असतात तर सगळं आपोआप आलं असतं. एकेक वायर तुम्हीच उपटत बसता."

हे खरं असल्यामुळे काकांचा आवाज आणखी चढला. "अगं, पण बोलायचंच आहे तर सरळ फोन कर ना तिला! कुणी अडवलंय?"

"करते की. परवाच केला. 'आई, घाईत आहे, जेवलीस का, गोळी घेतलीस का, ठेवते.' सव्वा मिनिट." काकूंनी मशीनचं चाक हाताने थांबवलं. "पहिल्यांदा आपसूक झालं ते. मी पाणी तापवत होते, तुमची लाइन गेली, तिचा फोन आला. सीटवर बसून होती, पुढेही जाता येईना, उतरताही येईना. मग बोलायला लागली. काय काय बोलली! दुसऱ्या रविवारी मी मुद्दाम लावला. तुमची वाट बघता बघता ती माझ्याशी बोलते. मी तेवढ्यावर भागवते, झालं."

"मला सांगायचं होतंस," काका म्हणाले.

"काय सांगू? उतरा, मला द्या? तुमचं तोंड किती खुलतं त्या सायकलवर, ते काय मला दिसत नाही? आणि तिला सायकल शिकवताना मागे कॅरिअर धरून कोण पळत होतं हो? गुडघे माझे फुटले तेव्हा. आता सायकल तुमची आणि लेकही तुमची." त्यांनी डोळे पुसले नाहीत, कारण डोळ्यांत काही नव्हतं, काकू रडणाऱ्यांतल्या नाहीत. "उद्या नाही लावत ओव्हन. शेवटचा रविवार आहे. जा तुम्ही तुमच्या घाटावर."

आणि शब्दाला जागून रविवारी दुपारीच त्यांनी ओव्हनची पिन काढून ठेवली. सहाला काका सायकलवर चढले. काकू हातशिवणाचं काही घेऊन खोलीतल्या स्टुलावर येऊन बसल्या. एरवी त्या या वेळी खोलीत येत नसत. फोन त्यांनी मांडीवर ठेवला होता, पडद्याची बाजू वर करून.

लाइन अशी चालली की काय सांगावं. पाच किलोमीटर. सात. साडेसहा झाले, पावणेसात झाले, कानातला आवाज स्वच्छ. "बाबा, आज जमणार!" लेक धापा टाकत म्हणाली. काकांची छाती भरून आली. गुडघा ठणकत होता, पाठीवरून घाम ओघळत होता, आणि पिवळा सदरा अगदी लागून चालला होता. नऊ किलोमीटर. दहा. इतक्या वर आजवर ते कधी आलेच नव्हते.

अकराव्या किलोमीटरला काकांनी घाम पुसायला मान वळवली. काकूंची सुई थांबलेली होती. त्या घड्याळाकडे बघत होत्या, मग मांडीवरच्या फोनकडे, मग पुन्हा घड्याळाकडे. काळ्या पडद्यावर काही नव्हतं. लाइन चांगली चालली होती, त्यामुळे फोन येणार नव्हता. हे दोघांनाही माहीत होतं, आणि तरी त्या फोनकडे बघत होत्या.

काकांनी आणखी चारशे मीटर काढले. काढले म्हणजे, फार इच्छेने काढले. माथा पडद्यावर दिसायला लागला होता. मग ते म्हणाले, "बेटा, माझा गुडघा बोलतोय. जरा सावकाश घे. आई येतेय."

"आई? कुठे?"

काका उतरले. इअरफोन कानातले काढून सदऱ्याला पुसले आणि काकूंपुढे धरले. "बस."

"वेड लागलंय का? मला काय येतंय!"

"पडायची सोय नाही यात. स्टँडवर आहे. पाच मिनिटांच्या आत बस, नाहीतर सगळं पायथ्याला जाईल."

काकू चढल्या कशाबशा, दांडा धरून, काकांच्या खांद्यावर भार टाकून. सीट काकांनी आधीच दोन बोटं खाली घेतली होती, आता चाकही हलकं करून दिलं. काकूंनी एक पायडल मारलं, मग दुसरं. पडद्यावरचा निळा सदरा मुंगीच्या चालीने हलला. पुढे गेलेला पिवळा सदरा थांबला, उलटा वळला आणि खाली येऊन निळ्याच्या शेजारून चालू लागला.

"अगं बाई," काकू म्हणाल्या. पाय फिरवत ऐकत राहिल्या. मग, "हो… हो गं… नाही, तुझे बाबा आहेत इथेच."

काका स्टुलावर बसले. माथ्याला अडीच किलोमीटर होते, आणि या चालीने तो आज गाठला जाणार नव्हता. लेकीला अर्ध्या तासात सामान बांधायला बसायचं होतं. ते त्यांना कळत होतं. वाईट वाटत होतं, फार वाटत होतं, आणि ते कुणाला सांगण्यात अर्थ नव्हता.

"मग? … अस्सं? … नाही नाही, तू घाबरू नकोस… हं… हं."

काकांनी कान टवकारले. पलीकडचं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. काकू मध्येच हसल्या, मध्येच गंभीर झाल्या, पाय मात्र फिरत राहिले. कशाला हसल्या? कशाला घाबरू नकोस? खोली एवढीशी, बायको हाताच्या अंतरावर, लेक जणू शेजारी, आणि आपल्या वाट्याला नुसतं "हो का" आणि "बरं". दोन वर्षं दर रविवारी ही बाई भिंतीपलीकडे बसून हेच ऐकत होती.

"काय म्हणते ती?" त्यांनी हळूच विचारलं.

काकूंनी पडद्यावरची नजर न काढता हाताने खूण केली, थांबा.

काका थांबले.